विश्लेषण : वारली चित्रांच्या प्रती घरीच छापायच्या? मोठा फोटो प्रिंटर घेण्यापूर्वी हे वाचा

प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते, पावसाळ्यात नोझल बंद पडते आणि ‘प्रत’ असे न लिहिलेली प्रत मूळ चित्राच्या मुळावर येते. झरी-तलासरी पट्ट्यातील घरासाठी कोणता प्रिंटर योग्य, कोणता नको आणि कधी घेऊच नये, याचा हा हिशेब.

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतील वारली चित्रांना आता मोबाइलवरूनही गिऱ्हाईक मिळते. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्राचा फोटो जातो, समोरून ‘सुंदर’ असे उत्तर येते आणि लगेच दुसरा प्रश्न येतो : ‘हेच थोडे स्वस्तात मिळेल का?’ हाताने काढलेले मोठे चित्र स्वस्त करता येत नाही. त्यात दिवसच्या दिवस जातात. प्रत मात्र काही मिनिटांत निघते. म्हणूनच घरी मोठा फोटो प्रिंटर घेऊन प्रती विकाव्यात, हा विचार चित्रकारांच्या घरांत येणे स्वाभाविक आहे.

विचार चुकीचा नाही, पण घाईचा ठरू शकतो. तलासरी तालुक्यातील झरीसारख्या गावात अशा यंत्रावर टाकलेला पैसा अडकला, तर तो सहज सुटत नाही. आठवड्याला ठरावीक छपाई होणार नसेल, तर घरी प्रिंटर घेऊ नये. घ्यायचाच असेल तर १३ इंची, पिगमेंट शाईचा घ्यावा आणि शक्यतो चार-पाच घरांनी मिळून घ्यावा. शिवाय छापलेल्या प्रत्येक कागदावर ‘प्रत’ असे स्पष्ट लिहावे. ही चारही मते कशावर उभी आहेत, ते समजून घेऊ.

‘मोठा’ म्हणजे नेमका किती?

घरातला साधा प्रिंटर ए४ कागद छापतो. फोटो प्रिंटरमध्ये त्याच्या वरची पायरी ए३ प्लस, म्हणजे १३ बाय १९ इंच. त्यापुढे १७ इंच रुंदीचे, ए२ कागद घेणारे प्रिंटर येतात. २४ इंच आणि ४४ इंच रुंदीची यंत्रे ही छपाई व्यवसायाची खरी ‘लार्ज फॉरमॅट’ यंत्रे. त्यांना स्वतंत्र स्टँड लागतो, रोलचा कागद लागतो आणि ती उचलायला माणसे लागतात.

तालुक्याच्या ठिकाणी वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फलक छापणारे फ्लेक्सचे यंत्र हे वेगळेच प्रकरण आहे. ते रुंद असते, पण लांबून पाहायच्या फलकासाठी बनवलेले असते. हातात धरून पाहायच्या चित्रातली बारीक रेघ त्यावर नीट उतरत नाही. ‘फ्लेक्सवाल्याकडे स्वस्तात होईल’ हा सल्ला म्हणूनच इथे कामाचा नाही.

घरासाठी निवड खरे तर दोनच मापांत आहे : १३ इंच किंवा १७ इंच. भिंतीवर लावायच्या भेटवस्तूसाठी १३ बाय १९ इंच हे माप पुरेसे मोठे दिसते, फ्रेम करायला सोपे जाते आणि कुरिअरने गुंडाळून पाठवता येते. १७ इंची यंत्र तेव्हाच घ्यावे, जेव्हा ए२ आकाराच्या ऑर्डरी प्रत्यक्ष हातात असतील. ‘पुढे मागणी येईल’ या आशेवर घेतलेले मोठे यंत्र बहुतेक वेळा छोटेच कागद छापत बसते.

पांढरा रंग कुठून येतो?

वारली चित्राच्या बाबतीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दुकानदार तो सहसा सांगत नाही, कारण इतर फोटोंच्या बाबतीत तो उद्भवत नाही.

मूळ चित्रात गेरूची किंवा मातीची तपकिरी पार्श्वभूमी आधी तयार होते आणि तिच्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग चढतो. प्रिंटरमध्ये हे उलटे होते. घरगुती फोटो प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसतेच. जिथे पांढरे दिसायला हवे, तिथे यंत्र काहीच छापत नाही आणि कागदाचा पांढरेपणा तसाच सोडते. बाकी सगळा कागद तपकिरी शाईने भरून काढते. टी-शर्टवर छापणाऱ्या डीटीएफ यंत्रात पांढरी शाई असते, पण ते कागदावरच्या फोटोछपाईचे यंत्र नव्हे.

यातून चार गोष्टी निघतात. पहिली, तपकिरी हातकागदावर किंवा क्राफ्ट पेपरवर वारली चित्र छापता येणार नाही. त्यावर पांढरे उमटणारच नाही. दुसरी, शाईचा खर्च जास्त येईल. आकाश मोकळे असलेल्या फोटोपेक्षा कडेपासून कडेपर्यंत तपकिरी असलेले चित्र कितीतरी जास्त शाई पिते. कंपनीने जाहिरातीत दिलेला ‘एका कागदाचा खर्च’ इथे लागू पडत नाही. तिसरी, सलग एकाच रंगाच्या पार्श्वभूमीवर यंत्राचा लहानसा दोषही उघडा पडतो. एक नोझल बंद असली की तपकिरीत आडवी फिकट रेघ दिसते. गर्दीच्या फोटोत ती लपून जाते, इथे लपत नाही. चौथी, चित्राचा पांढरा रंग म्हणजेच कागदाचा रंग असल्याने कागदाची निवड ही रंगाचीच निवड ठरते.

बाजारातला अतिशुभ्र कागद अनेकदा ‘ब्राइटनर’ नावाच्या रसायनाने चमकवलेला असतो. काही वर्षांनी त्याची चमक उतरते आणि कागद पिवळट दिसू लागतो. तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग मुळातच सौम्य असतो. म्हणून ब्राइटनर नसलेला, नैसर्गिक पांढऱ्या रंगाचा, जाड मॅट किंवा सुती कागद वारली प्रतीला जास्त शोभतो आणि जास्त टिकतो. चकचकीत ग्लॉसी कागदावर मातीचा रंग प्लॅस्टिकसारखा दिसतो. तो टाळलेलाच बरा.

डाय की पिगमेंट?

फोटो प्रिंटरच्या शाया दोन प्रकारच्या. डाय शाई पाण्यात पूर्ण विरघळलेली असते. ती कागदात मुरते, रंग झळाळते देते आणि स्वस्त पडते. पिगमेंट शाईत रंगाचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात आणि ते कागदाच्या वरच्या थरावर बसतात. उजेड आणि हवेपुढे पिगमेंट जास्त वर्षे तग धरते. पाण्याचा थेंब पडला तरी सहसा पसरत नाही. मॅट कागदावरचा काळा आणि गडद तपकिरी रंगही पिगमेंटमध्ये जास्त दाट येतो. तिचा दोष असा की मॅट प्रतीवर नख किंवा कपडा घासला तर ओरखडा उठतो.

गिऱ्हाईक भिंतीवर लावण्यासाठी पैसे मोजत असेल, तर त्याला पिगमेंटचीच प्रत द्यायला हवी. खिडकीसमोर लावलेली प्रत दोन-चार वर्षांत फिकी पडली, तर नाव प्रिंटरचे नाही, चित्रकाराचे खराब होते. शुभेच्छापत्रे, बुकमार्क, लग्नपत्रिका यांचे आयुष्यच कमी असते. तिथे डाय शाई पुरते आणि परवडते.

बाजारात पर्याय कोणते?

बाटलीतून शाई भरायच्या प्रिंटरमध्ये एप्सनचा एल१८०५० हा ए३ प्लस मापाचा, सहा रंगांचा डाय प्रिंटर आहे. पत्रिका आणि कार्डांसाठी तो काटकसरीचा पडतो. पिगमेंटमध्ये १३ इंची मापात कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-३०० आणि एप्सनचा शुअरकलर पी७०० ही दोन उदाहरणे. दोन्हींत दहा शाया असतात. प्रो-३०० च्या एका कार्ट्रिजमध्ये १४.४ मिलिलिटर शाई मावते, पी७०० च्या कार्ट्रिजमध्ये २५ मिलिलिटर. पी७०० मध्ये रोल कागद लावायची सोय अंगातच आहे. १७ इंची मापात एप्सनच्या पी९०० मध्ये ५० मिलिलिटरची, तर कॅननच्या प्रो-१००० मध्ये ८० मिलिलिटरची कार्ट्रिजे लागतात.

हे आकडे लक्षात ठेवण्याचे कारण एकच. प्रिंटरची किंमत एकदाच मोजावी लागते, शाईची सतत. दोन यंत्रांची तुलना करताना कार्ट्रिजच्या किमतीला मिलिलिटरने भागावे आणि मगच स्वस्त-महाग ठरवावे. यंत्र लहान आणि कार्ट्रिज लहान असेल, तर प्रति मिलिलिटर दर साधारणपणे चढा असतो.

वजनाचाही विचार हवा. प्रो-३०० साधारण १४ किलोचा आहे, प्रो-१००० तब्बल ३२ किलोचा. बिघाड झाल्यावर सेवा केंद्राचा माणूस झरीपर्यंत येणार, की यंत्र उचलून वापी किंवा मुंबईला न्यावे लागणार? खरेदीच्या आधी दुकानदाराकडून याचे उत्तर लेखी घ्यावे. घरपोच सेवेचा पत्ता शहरापुरता मर्यादित असेल, तर वॉरंटीचा कागद असूनही प्रत्येक बिघाडाला टेम्पोभाडे पडेल.

पावसाळा, धूळ आणि बंद नोझल

इंकजेट यंत्राचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याचे बसून राहणे. डोक्यातल्या केसापेक्षा बारीक छिद्रांतून शाई फेकली जाते. आठवडेच्या आठवडे छपाई झाली नाही, तर छिद्रांच्या तोंडाशी शाई सुकते. ती साफ करायला यंत्र आणखी शाई खर्च करते आणि ती शाई वाया जाऊन मेंटेनन्स टाकीत जमा होते. टाकी भरली की तीही विकत घ्यावी लागते.

वारली प्रतीत पिवळी, मॅजेंटा आणि काळी शाई भराभर संपते, फिकट निळ्यासारखी शाई मात्र जवळजवळ पडून राहते. तिची छिद्रेही चालू राहायला हवीत. त्यामुळे आठवड्यातून एकदा नोझल तपासणीचा कागद आणि सगळे रंग असलेला एखादा छोटा फोटो छापणे, ही यंत्राची पेज आहे असे समजावे. भाताच्या लावणीत किंवा लग्नसराईत महिनाभर यंत्राकडे कोणी पाहणार नसेल, तर ते घरी असून उपयोग नाही.

दुसरा शत्रू दमट हवा. जून ते सप्टेंबर या काळात कागद ओलावा शोषतो, कडा वाकतात, वाकलेली कड प्रिंटहेडला घासते आणि कागदावर काळा डाग उठतो. कागद मूळ पाकिटातच, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात ठेवावा आणि लागेल तेवढाच बाहेर काढावा. सारवलेल्या जमिनीची धूळ, चुलीचा धूर, मुंग्या आणि पाली यांपासून यंत्राला जपायला हवे. त्यासाठी पडवी नाही, आतली कोरडी खोली हवी आणि वर सुती झाकण हवे.

विजेची अडचण तुलनेने लहान आहे. इंकजेटला लेसर प्रिंटरसारखी उष्णता निर्माण करावी लागत नाही, त्यामुळे साधा यूपीएसही त्याला सांभाळतो. अर्ध्यावर वीज गेली तर एक महागडा कागद आणि त्यावरची शाई वाया जाते, एवढ्यासाठी यूपीएस हवाच.

हिशेब जुळतो का?

किमती बदलत राहतात, म्हणून इथे उदाहरणापुरते गोल आकडे धरू. यंत्र ८० हजार रुपयांचे. एका ए३ प्लस प्रतीला शाई आणि चांगला कागद मिळून ३०० रुपये. तीच प्रत शहरातल्या फोटो लॅबमधून करून घेतली तर ६०० रुपये. म्हणजे घरी छापल्यास प्रत्येक प्रतीमागे ३०० रुपये वाचतात. ८० हजार वसूल व्हायला सुमारे २६७ प्रती विकाव्या लागतील.

आठवड्याला चार प्रती विकल्या जात असतील, तर वर्षाला सुमारे २०० होतात आणि साधारण सोळा महिन्यांत पैसे फिटतात. महिन्याला चारच विकल्या, तर साडेपाच वर्षे लागतात. तोवर यंत्राचा प्रिंटहेड टिकेल याची खात्री कोण देणार? वर्षाला २० प्रती असतील, तर तेरा वर्षे. तिथे हिशेब संपतो. यात फसलेल्या प्रती, साफसफाईत गेलेली शाई आणि दुरुस्ती धरलेली नाही. ती धरली तर आकडा आणखी वाढेल.

म्हणून आधी सहा महिने बाहेरून छापून विकावे, विक्री वहीत लिहावी आणि स्वतःचे खरे आकडे या गणितात टाकावेत. प्रिंटर घ्यायचा की नाही हे ती वहीच सांगेल. एका घराची विक्री कमी पडत असेल, पण चार-पाच घरांची मिळून पुरत असेल, तर बचत गटाच्या किंवा शेजाऱ्यांच्या भागीदारीत यंत्र घेणे शहाणपणाचे. त्यात यंत्र बसूनही राहत नाही. मात्र कोणाची किती शाई खर्च झाली याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी, नाहीतर यंत्राआधी भागीदारी बंद पडते.

फोटो चांगला, तरच प्रत चांगली

प्रिंटरवर ८० हजार घालून फाइल मात्र व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली वापरली, तर सगळे पाण्यात जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकुंचन पावतो. उत्तम प्रतीसाठी एका इंचात ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे १३ बाय १९ इंचांसाठी ३९०० बाय ५७००, सुमारे २२ मेगापिक्सेल. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल फोटोतून या मापावर इंचाला २१० च्या आसपास पिक्सेल मिळतात. साध्या फोटोला ते चालून जाते. वारलीतल्या बारीक, टोकदार पांढऱ्या रेघांच्या कडा मात्र जरा मऊ दिसतात.

उपाय अवघड नाही. चित्राचे चार भागांत फोटो काढून संगणकावर जोडावेत. उन्हात नाही, सावलीतल्या एकसारख्या उजेडात काढावेत. फ्लॅश बंद ठेवावा, मोबाइल चित्राला समांतर धरावा. मोबाइलचा पडदा पूर्ण उजळ ठेवून रंग ठरवू नयेत, प्रत हमखास काळपट येते. प्रत्येक कागदासाठी कंपनी रंगाची प्रोफाइल फाइल देते. ती बसवली तर गेरूचा रंग विटेसारखा लाल किंवा चॉकलेटी होण्याचा धोका बराच कमी होतो.

प्रत छापायचा हक्क कोणाचा?

घरी प्रिंटर आला की हा प्रश्न आलाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले म्हणून त्याच्या प्रती काढण्याचा हक्क विकला जात नाही. तो द्यायचा असेल तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हा हक्क टिकतो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांवरचा हक्क २०७८ अखेरपर्यंत संपत नाही. त्यांचे चित्र इंटरनेटवरून उतरवून घरी छापणे आणि विकणे हे ‘आपलीच कला’ म्हणून कायद्यात बसत नाही. तारपा, चौक, पालघट ही परंपरेची रूपे कोणा एकाच्या मालकीची नाहीत. पण एखाद्याने काढलेले विशिष्ट चित्र त्याचेच.

याच कायद्याच्या कलम १७ मधील एक तरतूद चित्रकारांच्या विरोधात जाऊ शकते. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन काढलेल्या चित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, सांगणारा असतो. म्हणजे एखाद्या हॉटेलसाठी ऑर्डरीवर काढलेल्या चित्राच्या प्रती घरी छापून विकता येतील, असे गृहीत धरता येत नाही. ऑर्डर घेतानाच ‘प्रती काढण्याचा हक्क चित्रकाराकडे राहील’ हे एक वाक्य लिहून घ्यावे. प्रिंटरपेक्षा ते स्वस्त आहे आणि जास्त कमावून देईल.

प्रतींमुळे मूळ चित्राचे मोल घटेल?

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळून चालणार नाही. वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी पाठपुरावा केला. या मानांकनामागची भावना हीच की या मातीतल्या हातांनी काढलेल्या चित्राला वेगळी ओळख असावी. त्याच घरातून यंत्राने छापलेल्या प्रती बाहेर पडू लागल्या, तर गिऱ्हाईक दोन्हींत फरक का करील?

फरक चित्रकारानेच करून द्यायला हवा. कॅनव्हासवर किंवा कापडावर छापलेली प्रत लांबून हुबेहूब मूळ चित्रासारखी दिसते. म्हणून घरगुती प्रती कागदावरच छापाव्यात, कापडावर नाही, अगदी यंत्रात सोय असली तरी. चारही बाजूंनी पांढरी कड सोडावी. खाली ‘प्रत’ हा शब्द, चित्रकाराचे नाव, गाव, वर्ष आणि एकूण किती प्रती काढणार तो आकडा हाताने लिहावा. पन्नास म्हटले तर एक्कावन्नावी काढू नये. असे केले तर प्रत मूळ चित्राची जागा घेत नाही. जो आज पूर्ण किंमत देऊ शकत नाही, त्याच्यापर्यंत ती चित्रकाराचे नाव पोहोचवते.

प्रती छापायच्याच नाहीत, असे ठरवूनही प्रश्न सुटत नाही. शहरातल्या दुकानांत उशीच्या अभ्र्यांपासून मगपर्यंत वारली नक्षी आधीच छापली जाते. त्यातला पैसा पाड्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. प्रती निघणारच असतील, तर त्या कोणाच्या घरात निघाव्यात आणि त्यावर कोणाचे नाव असावे, एवढाच प्रश्न उरतो.

झरी या गावाला मोलाच्या प्रश्नाची जुनी ओळख आहे. २३ मे १९४५ रोजी याच गावात शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या किसान सभेच्या पुढाकाराने हजारो आदिवासी जमले. दिवसाला १२ आणे मजुरी मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर काम करायचे नाही, वेठ करायची नाही, असे त्यांनी ठरवले. तेव्हा प्रश्न शेतावरच्या हातांच्या किमतीचा होता. चित्र काढणाऱ्या हातांच्या किमतीचा प्रश्न आजही आहे. प्रिंटर तो आपोआप सोडवत नाही. नीट हिशेब, लेखी हक्क आणि प्रतीवरचे नाव या तिन्हींच्या जोडीने आला, तरच तो हातभार लावतो.

थोडक्यात काय करावे?

- आधी सहा महिने बाहेरून छापून विक्रीची वही ठेवा. आठवड्याला चार प्रतींच्या आसपास विक्री नसेल, तर यंत्र घेऊ नका.
- भिंतीवरच्या प्रतींसाठी १३ इंची पिगमेंट प्रिंटर. फक्त पत्रिका आणि कार्डे असतील तर बाटलीवाला डाय प्रिंटर.
- दुकानात स्वतःचे तपकिरी पार्श्वभूमीचे चित्र छापून पाहा. कंपनीच्या नमुना फोटोवर विश्वास ठेवू नका.
- शाईचा दर मिलिलिटरने काढा. तलासरी तालुक्यात सेवा मिळेल का, ते लेखी घ्या.
- ब्राइटनर नसलेला मॅट कागद वापरा, डबाबंद ठेवा. आठवड्यातून एकदा यंत्र चालवा.
- ऑर्डरीच्या चित्राच्या प्रतींचा हक्क लिहून घ्या. प्रत्येक प्रतीवर ‘प्रत’, नाव, गाव आणि क्रमांक लिहा.